केर आहे? (बंदरोबंदरीचे सिंधी)

दर्यावर्दी | ४ मार्च, रात्री ९:४०

१९८४ साल. आमचं जहाज लास पाल्मासला तेल भरायला थांबलं होतं. (कॅनरी बेटं. भूगोलानं आफ्रिकेजवळ, राज्य स्पेनचं.) मी तेव्हा फोर्थ इंजिनियर. चार तास मोकळे मिळाले म्हणून कॅसेट प्लेअर बघायला बाहेर पडलो. बंदराजवळच्या दुकानात मालक गिऱ्हाइकाशी घडाघडा स्पॅनिश बोलत होता. तेवढ्यात फोन वाजला. त्यानं उचलला आणि म्हणाला, "केर आहे?"

मी दारातून परत फिरलो. 'आहे' म्हणणारा माणूस, घरापासून इतक्या लांब! सरळ मराठीत विचारलं, "कुठले हो तुम्ही?" त्याला काही कळलं नाही. मग हिंदीत म्हणाला, "हैदराबाद." मी म्हटलं, चारमिनारवाले. म्हणाला, "नाही, दुसरं. सिंधमधलं." त्याचे आजोबा तिथे येऊन दुकानात नोकरीला लागले ते फाळणीच्या कितीतरी आधी.

मी कल्याणात वाढलो. सिंधी म्हणजे आमच्या लेखी 'कॅम्प'. कुठे चाललास? कॅम्पात, पँटचं कापड आणायला. सिंधी म्हणजे फाळणीत आले, बराकीत राहिले, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली आणि वर आले, एवढंच मला ठाऊक. हा लास पाल्मासवाला त्यात कुठेच बसेना. पुढे नोकरीभर बघितलं : जिब्राल्टरचा मेन स्ट्रीट, पनामातलं कोलोन, घानातलं तेमा, सेंट मार्टिनमधलं फिलिप्सबर्ग. जिथे जकात कमी आणि जहाजं जास्त, तिथे सिंधी दुकान ठरलेलं.

हे लोक तिथे गेले कधी, आणि का? कुणी सिंधी सभासद असतील तर जरूर लिहा.

चकली_बिघडली | ४ मार्च, रात्री १०:०२

वाचतेय. कॅसेट प्लेअर घेतला का शेवटी?

दर्यावर्दी | ४ मार्च, रात्री १०:१५

घेतला. घासाघीस केली. हरलो.

बखरबहाद्दर | ५ मार्च, सकाळी ७:३०

मालक, तुम्ही ज्यांना भेटलात त्यांना 'सिंधवर्की' म्हणतात. शब्दाची गंमत बघा. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरनं सिंध जिंकला, तालपूर मीरांचा दरबार संपला. त्या दरबाराला उंची माल पुरवणारे हैदराबादचे व्यापारी, भाईबंद समाजाचे, एका झटक्यात बिनगिऱ्हाइकाचे झाले. मग त्यांनी सिंधची कारागिरी उचलली : लाखकाम, भरतकाम, हाल्याची मातीची भांडी. ती मुंबईला आणून साहेबलोकांना आणि मडमांना विकायला लागले. या मालाला साहेब म्हणे 'सिंध वर्क'. विकणारे झाले सिंधवर्की.

१८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि साहेबाच्या बोटींमागून हेही निघाले. पोर्ट सैद, कैरो, माल्टा, जिब्राल्टर, कॅनरी बेटं. दुसऱ्या बाजूला सिंगापूर, हाँगकाँग, मनिला, योकोहामा. थोड्याच वर्षांत सिंधचा माल मागे पडला आणि जपानी रेशीम पुढे आलं. इजिप्तला पिरॅमिड बघायला आलेला युरोपियन कैरोत 'पूर्वेची आठवण' म्हणून घेणार जपानी रेशीम, विकणार सिंधी.

जकातीबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कॅनरी बेटं १८५२ पासून मुक्त बंदरं. कोलोनचा मुक्त व्यापार विभाग १९४८ चा, पण पनामात सिंधी त्याच्या बरेच आधी पोचले होते.

एक गल्लत मात्र टाळा. 'सिंधी व्यापारी' हा एक गठ्ठा नाही. शिकारपूरचे सावकार वेगळे. ते समुद्राकडे न जाता खुष्कीनं कंदाहार, बुखाऱ्यापर्यंत जात. त्यांची हुंडी मध्य आशियात चाले. रशियन क्रांतीनंतर ते जाळं बसलं. ठठ्ठ्याचे भाटिया आणखी वेगळे, ते आखातात. बहारीनमध्ये मनामाचं श्रीनाथजीचं देऊळ त्यांचं, दोनशे वर्षांहून जुनं. आणि आमिल म्हणजे नोकरदार, कारकुनी, वकिली करणारे. आमिलांच्या घरी भाईबंदांना 'दुकानदार' म्हणून नाक मुरडत, असं दोन्हीकडून ऐकलंय.

रोखठोक | ५ मार्च, सकाळी ११:१०

छान कौतुक चाललंय. पण मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हे विसरू नका. आणि ती सापाची म्हण उगाच पडली नसेल.

अनुस्वार | ५ मार्च, सकाळी ११:२५

रोखठोक, ती म्हण इथे नको.

कोकी_दही | ५ मार्च, दुपारी ३:५०

नाही अनुस्वार, येऊ दे. मी सिंधी आहे, पिंपरीची, मराठी शाळेत शिकले. चौथीत असताना ही म्हण एका मुलानं मला वर्गात ऐकवली होती. घरी येऊन डाडीला, म्हणजे आजीला, अर्थ विचारला. ती म्हणाली, "सापाला बीळ तरी असतं." आणि पीठ मळत बसली.

रोखठोक, यूएसएचा विनोद आम्ही घरात तुमच्यापेक्षा जास्त सांगतो. पण नकली माल का निघाला, त्याची दुसरी बाजू ऐका. पंजाब आणि बंगाल फाळणीत कापले गेले, पण त्यांचा अर्धा अर्धा भाग इकडे उरला. सिंध अख्खा तिकडे गेला. जवळजवळ १२ लाख माणसं इकडे आली आणि त्यांच्यासाठी 'आपलं' म्हणावं असं एक तालुक्याचं गावसुद्धा नव्हतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, त्यानंतर बोटी भरभरून निघाल्या. आमचे लोक मुंबईला उतरले, ओखा, वेरावळलाही उतरले. जागा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात लष्करानं बांधून सोडलेल्या बराकींत. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं १९४९ च्या ऑगस्टमध्ये. तिथे ना शेतजमीन, ना सरकारी ओळख. हातात एक कसब होतं, वस्तू आणायची आणि विकायची. वस्तू नसेल तर बनवायची. लेबल कुठलं लावायचं, ते गिऱ्हाईक ज्याला भुलेल ते.

दर्यावर्दी, आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या आईचे वडील, आम्ही नानो म्हणतो, तेनेरीफला होते. म्हणजे तुमच्या लास पाल्मासच्या शेजारच्या बेटावर. पेढी हैदराबादच्या शेठची, नानो गुमास्ता. सोळाव्या वर्षी गेले. अडीच-तीन वर्षांचा करार, जेवणखाण-राहणं पेढीचं. करार संपला की काही महिने घरी, लग्न करा, मूल होऊ द्या, परत बोटीवर. बायका न्यायच्या नाहीत. हैदराबादच्या गल्ल्यांत मोठी मोठी घरं, गच्चीवर वारा ओढून घेणारे 'मंघ', आणि घरात फक्त बायका, म्हातारे आणि पोरं.

शाह अब्दुल लतीफच्या काव्यात 'सामुंडी' नावाचा एक सुरच आहे, समुद्रावर गेलेल्या व्यापाऱ्यांच्या बायकांचा. शाह अठराव्या शतकातला, म्हणजे सिंधवर्कींच्या आधीचा. नानी त्यातल्या ओळी भांडी घासताना म्हणायची. मला त्या पाठ नाहीत, हे लिहिताना लाज वाटते.

अनुस्वार | ५ मार्च, संध्याकाळी ६:०५

कोकी_दही, सुरेख. पुढचं लवकर लिहा.

मूळ लेखातल्या 'आहे'बद्दल थोडं. सिंधीत 'केरु आहे?' म्हणजे 'कोण आहे?' 'मुंहिंजो नालो अमुक आहे' म्हणजे माझं नाव अमुक आहे. शेवटचा 'उ' इतका पुसट की आपल्या कानाला लागतच नाही, म्हणून तुम्हाला 'केर' ऐकू आलं. यावरून सिंधी आणि मराठी सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. पण हिंदी-गुजरातीच्या गर्दीत हा 'आहे' कानावर पडला की मान वळते खरी.

सिंधीची खरी ऐट तिच्या चार अंतःस्फोटक व्यंजनांत आहे. आपण 'ब' म्हणताना हवा बाहेर सोडतो. सिंधीत तो 'ब' आहेच, शिवाय हवा आत ओढून म्हणायचा एक वेगळा 'ॿ' आहे. तसेच ॻ, ॼ आणि ॾ. देवनागरीत त्या अक्षरांखाली आडवी रेघ देतात. डाडी हा शब्द नीट लिहायचा तर 'ॾाॾी'.

कोकी_दही | ५ मार्च, संध्याकाळी ६:२०

आणि माझ्या मुलाला तो ॾ येत नाही. सरळ 'दादी' म्हणतो, टीव्हीतल्यासारखं.

पंचगंगाकाठ | ५ मार्च, रात्री ९:३०

कोल्हापूरकरांची हजेरी. आमच्याकडच्या गांधीनगरचा उल्लेख अजून कसा नाही? लग्नाचा बस्ता बांधायला निम्मा जिल्हा जातो. पण त्या जागेचा पूर्वेतिहास फार जणांना ठाऊक नसतो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. बहुतेक बायका, पोरं, म्हातारे, स्टालिनच्या सैबेरियातून सुटून आलेले. ते पांगले आणि त्याच बराकींत सिंधी आले. माझे आजोबा सांगायचे, दूधवाल्यानं पोलिश शिकून संपवलं तोवर सिंधी शिकायची वेळ आली.

कोबेकर | ६ मार्च, सकाळी ५:१५

जपानमधून. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तिथले रेशीमवाले भारतीय व्यापारी बरेचसे कोबेला आले. त्यांत सिंधी पुष्कळ. योकोहामाच्या यामाशिता बागेत घुमटाचं एक पाणपोईवजा स्मारक आहे. भूकंपात जपान्यांनी केलेल्या मदतीची परतफेड म्हणून तिथल्या भारतीयांनी १९३९ मध्ये बांधून दिलेलं. मी तीनदा गेलोय. फोटो काढणारे पुष्कळ, पण ते कुणी बांधलं हे वाचणारं अजून कुणी भेटलं नाही.

पुढे कापड गेलं, ट्रान्झिस्टर आले. कॅनरी बेटांवर तुम्ही घेतलेला कॅसेट प्लेअर जपानीच असणार. जपानात माल बघून देणाराही सिंधी आणि तिकडे काउंटरवर विकणाराही सिंधी, असा योग सहज जुळत असेल.

एक गंमत : फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला 'बुम्बाय' म्हणतात. मनिलातला सिंधी असो की सायकलवरचा पंजाबी सावकार असो, सगळे बुम्बाय. मुंबईकरांनो, तुमचं नाव कुठे कुठे गेलंय बघा.

चकली_बिघडली | ६ मार्च, सकाळी ९:००

इंडोनेशियातल्या टीव्ही मालिकांच्या धंद्यातही सिंधी निर्माते मोठे आहेत. जाकार्तात दोन वर्षं होते. सासू-सून भांडताना विजा कडाडायच्या तेव्हा मला अगदी घरच्यासारखं वाटायचं.

रोखठोक | ६ मार्च, सकाळी ११:४५

म्हणीबद्दल माघार घेतो. डाडींचं उत्तर लक्षात राहील.

पण एक प्रश्न राहतोच. गुजराती जगभर गेले, गुजराती बोलतात. तमिळांनी सिंगापुरात आपली भाषा राज्यभाषा करून घेतली. सिंधी जिथे गेले तिथल्या भाषेत विरघळले. जिब्राल्टरची पोरं स्पॅनिश-इंग्रजी, हाँगकाँगची इंग्रजी, मुंबईची हिंदी. पैसा टिकवला, भाषा नाही. हे तरी खरं ना?

बखरबहाद्दर | ६ मार्च, दुपारी १:२०

अर्धं खरं. भारतात २०११ च्या जनगणनेत सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे २७.७ लाख. पाकिस्तानात २०१७ च्या जनगणनेत जवळपास ३ कोटी. म्हणजे भाषा जिवंत आहे, तिचं घर जिवंत आहे, फक्त घर सोडून आलेल्यांच्या तोंडची चाललीय. तिकडचे सिंधी बहुसंख्य मुसलमान, पण थरपारकर-उमरकोटकडे हिंदूही लाखांनी आहेत. आपण 'सिंधी' म्हणतो तेव्हा हे सगळे यादीतून गळतात.

गुजरात्यांच्या पाठीशी एक राज्य आहे, शाळा आहेत, सरकारी पाट्या आहेत. सिंधीला आठव्या परिशिष्टात जागा मिळायलाच १० एप्रिल १९६७ उजाडला. राज्य नाहीच. शिवाय इकडे आल्यावर लिपीचा वाद : अरबी की देवनागरी? सरकारनं दोन्ही चालतील म्हटलं. मग आजीला देवनागरी येईना आणि नातवाला अरबी.

लिपीवरून एक मराठी धागा हाती लागतो. सिंध १८४७ ते १९३६ मुंबई इलाख्यात होता. सिंधी लिहायला ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी १८५३ मध्ये ठरली. पण दुकानदार मंडळी चोपड्या लिहीत त्या हटवाणिका नावाच्या लिपीत. आपल्या मोडीसारखी भरभर, आणि स्वरांना जवळजवळ रजा. तिला स्वरचिन्हं देऊन शाळेत शिकवण्याजोगी करायचं काम १८६८ मध्ये सोपवलं गेलं नारायण जगन्नाथ वैद्य यांच्याकडे. सिंधचे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, नावावरून कळेलच कुठले. लिपी काही चालली नाही, पण कराचीत नारायण जगन्नाथ यांच्या नावाची शाळा आजही चालू आहे.

दर्यावर्दी | ६ मार्च, दुपारी २:०५

हे काहीच ठाऊक नव्हतं! कोकी_दही, नानोंचं पुढे काय झालं?

कोकी_दही | ७ मार्च, रात्री ११:३०

काल कोकीची फर्माईश होती घरी, वेळ झाला नाही. (चौकशी होणारच म्हणून : गव्हाच्या पिठात कांदा, मिरची, कोथिंबीर, भरपूर तूप. घट्ट मळायचं, जाड लाटायचं, अर्धवट भाजून पुन्हा लाटायचं. थालीपिठाची चुलत बहीण म्हणा. दह्याशिवाय वाढली तर नानी ताट परत द्यायची.)

नानो १९४७ मध्ये तेनेरीफला होते. नानी दोन मुलांना घेऊन हैदराबादला. नानीचा भाऊ तिला कराचीला घेऊन आला, तिथून बोट, मुंबई, मग कॅम्प. नानोंना हे कळलं कधी आणि कसं, ते दोघांपैकी कुणी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मला वाटतं दर्यावर्दींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. फाळणीच्या आधी सिंधवर्की परदेशात राहत नव्हता, कामाला जात होता. घर हैदराबादला. पैसा तिकडे, लग्नं तिकडे, म्हातारपण तिकडे. १९४७ ला दुकानं शाबूत राहिली आणि घर गेलं. बाकीच्या निर्वासितांच्या बरोबर उलटं! मग शेठ लोकांनी मुख्य कचेऱ्या मुंबईला हलवल्या, बायकामुलांना दुकानाच्या गावी नेलं, तिथे देवळं बांधली. तुम्हाला भेटला तो तिसऱ्या पिढीचा माणूस म्हणूनच तिथे जन्मलेला असेल. नानो मात्र गुमास्ते होते. त्यांना बायकोला न्यायची ऐपत कधीच झाली नाही. १९५३ ला कायमचे परत आले आणि पिंपरीत मेव्हण्याच्या कापडाच्या दुकानात बसले. त्यांना स्पॅनिश यायचं. पिंपरीत त्याचा काय उपयोग? शिव्या द्यायला वापरायचे.

रोखठोक, भाषेचं तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. पण जे टिकलं तेही सांगते. माझी मावसबहीण लागोसला दिली. ती वर्षातून एकदा पुण्याला येते, माहेरी दोन दिवस, साधू वासवानी मिशनमध्ये सहा. साधू वासवानी हैदराबादचेच, १९४९ मध्ये पुण्याला आले. लागोसचे, हाँगकाँगचे, दुबईचे सिंधी तिथे भेटतात, तिथेच निम्मी लग्नं जुळतात. हैदराबादचं काम आता पुणं करतं म्हणा ना.

नानोंची एक चोपडी माझ्याकडे आहे. हटवाणिकात. पानं पिवळी, शाई शाबूत. घरात कुणालाच वाचता येत नाही.

अनुस्वार | ८ मार्च, सकाळी ८:४०

चोपडी सांभाळा! आमच्याकडे मोडी वाचणारे निदान वर्ग चालतात. हटवाणिका वाचणारे हाताच्या बोटांवर असतील. तिची मोठी बहीण खुदाबादी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, म्हणजे टंकता येईल. पण स्वरच नाहीत तर टंकून वाचणार काय? दुकानावर बसलेला एखादा म्हातारा माणूस गाठा. उल्हासनगरात नक्की मिळेल.

दर्यावर्दी | ८ मार्च, सकाळी ९:१०

मी विचारतो. माझा शाळूसोबती कॅम्पात राहतो.

पंचगंगाकाठ | १९ मार्च, रात्री ८:००

चोपडीचं काय झालं? धागा वर आणतोय.

कोकी_दही | ११ एप्रिल, रात्री १०:१५

दर्यावर्दींच्या मित्रानं एक काका गाठून दिले. वय ८८, चष्मा नाही. आकडे धडाधड वाचले, शब्दांना मात्र अडले. एका ओळीत 'कक १२'. काका, काकी की कोकी? त्यांनी बराच विचार करून निकाल दिला, "परदेशात बारा काका कुठून येणार? कोकीच." पान पेढीच्या भटारखान्याच्या हिशेबाचं निघालं. तेनेरीफला बारा कोक्या, मला इतकं हसू आलं.

मागची पानं नानोंच्या स्वतःच्या हिशेबाची. दर महिन्याला एक ओळ, घरी पाठवलेल्या पैशांची. 'हदरबद', रक्कम. पुन्हा 'हदरबद', रक्कम. पानंच्या पानं तसंच. मग १९४८ मध्ये तीन महिने ती ओळच नाही. बाकी खर्च सगळा लिहिलेला, साबण, केस कापणं, टपाल. टपाल मात्र त्या तीन महिन्यांत रोजच्या रोज. आणि चौथ्या महिन्यापासून पुन्हा ओळ सुरू. तीच शाई, तेच वळण. फक्त गाव 'कलयण'.

दर्यावर्दी | ११ एप्रिल, रात्री १०:२२

कॅम्प नंबर आहे का पुढे?

कोकी_दही | ११ एप्रिल, रात्री १०:२४

आहे. आकडा तर मलाही वाचता आला. ३.